छत्री, बेल्ट आणि कोनमापक

मागच्या वेळी सदिश राशी म्हणजे काय ते पाहिलं, आज त्यांची बेरीज. पण त्याआधी ही बेरीज पुस्तकांत जशी शिकवली जाते त्याबद्दल आम्हाला थोडी तक्रार करायची आहे. आपल्यातले बरेच जण भोसरी, पिंपरी, चाकण भागात कामाला आहेत. शिफ्टमध्ये जी गोष्ट ते रोज हाताळतात, तीच पुस्तकात आली की ओळखू येत नाही.

एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकातलं पावसाचं उदाहरण आठवा. पाऊस सरळ खाली सेकंदाला ३५ मीटर वेगानं पडतोय, वारा १२ मीटरनं आडवा वाहतोय, तर बस स्टॉपवरच्या मुलानं छत्री किती कलती धरायची? उत्तर सुमारे १९ अंश. गणित बरोबर आहे, पाऊस चुकीचा आहे. हवेच्या विरोधामुळे मोठा थेंबसुद्धा सेकंदाला साधारण ९ मीटरच्या फार वर जात नाही. ३५ मीटर म्हणजे ताशी १२६ किलोमीटर! छत्री कसली, हेल्मेट लागेल. मग ३५ का घेतले? १२, ३५, ३७ हे पायथागोरसचं त्रिकूट आहे, वर्गमूळ सुबक येतं, म्हणून घेतले असं दिसतं. खरा वेग ९ धरला तर तोच कोन ५३ अंश होतो. विद्यार्थी यातून काय शिकतो? की हे आकडे जगातून येत नाहीत, वर्गमुळाच्या सोयीनं येतात.

दुसरी तक्रार याहून मोठी. पुस्तकात आधी आकृतीची पद्धत येते, मग ती किचकट आणि कमी अचूक म्हणून बाजूला ठेवून घटकांची, म्हणजे विश्लेषणाची पद्धत येते. हे खोटं नाही. पण मुलं एवढंच ऐकतात की आता कोनमापक कंपासपेटीत ठेवून द्यायचा. उरतं काय, तर 'पी वर्ग अधिक क्यू वर्ग अधिक दोन पी क्यू कॉस थीटा, त्याचं वर्गमूळ'. हे पाठ असलेला मुलगा क्रेनखाली उभा राहिला तर त्याला काय दिसतं?

समजा, चाकणच्या एखाद्या प्रेस शॉपमध्ये २ टनांची डाय उचलायची आहे. एका हुकाला दोन सारखे बेल्ट, डायच्या दोन टोकांना अडकवलेले. प्रत्येक बेल्टवर किती ओढ? पटकन उत्तर येतं, एकेक टन. बेल्ट अगदी उभे असतील तरच ते खरं. आता वहीत २ टनांसाठी ४ सेंटिमीटरची उभी रेष काढा. खालच्या टोकातून एका बेल्टला समांतर आणि वरच्या टोकातून दुसऱ्याला समांतर रेष काढा. त्या भेटतील तिथपर्यंतची लांबी मोजा, तीच बेल्टमधली ओढ. दोन बेल्टमधला कोन ६० अंश असेल तर १.१५ टन, ९० ला १.४१. १२० अंशांना त्रिकोण समभुज होतो, म्हणजे प्रत्येक बेल्टवर पूर्ण २ टन! १५० ला ३.८६. आणि १७० अंश घेऊन पाहा: बाजू २३ सेंटिमीटर, रेषा वहीच्या पानाबाहेर जातात. बेल्ट आडवे पडत गेले की काय होतं, हे त्या पानाबाहेर गेलेल्या रेषा जितक्या लवकर सांगतात तितकं सूत्र सांगत नाही.

शिवाय पुस्तक दोन बलं देऊन बेरीज विचारतं. कारखान्यात उलटं असतं. बेरीज ठरलेली असते, डायच्या वजनाएवढी, आणि शोधायची असतात ती बलं.

आता आकृतीची बाजू फार घेऊ नये हेही खरं. १५० अंशांच्या आकृतीत दोन्ही रेषा एकेक अंशानं आडव्या झाल्या तर ओढ ३.८६ ची ४.१३ टन येते, म्हणजे २७० किलोचा फरक नुसत्या पेन्सिलीमुळे. इथे घटकच हवेत. उभे घटक मिळून वजनाएवढे, बस्स, एका ओळीत उत्तर. आडवे घटक एकमेकांना रद्द करतात म्हणून पुस्तक ते खोडून पुढे जातं. पण बेरीज शून्य झाली म्हणजे बलं गायब झाली का? १२० अंशांना ती दोन्ही टोकांकडून १.७३ टनांनी डाय आत दाबत असतात. डाय सोसेल. तिच्या जागी लांब, पातळ पाइपचा गठ्ठा असेल तर तो वाकेल.

सीएनसीवर काम करणाऱ्यांना तर घटक शिकवायलाच नकोत. एक्स ८०, वाय ६० आणि फीड २०० दिला की टूल १०० मिलिमीटर तिरकं जातं आणि कंट्रोलर त्या फीडचे एक्सला १६०, वायला १२० असे वाटे करतो. ऑपरेटर हे दिवसभर बघतो. त्याला कोणी सांगितलेलं नसतं की अकरावीत ज्या धड्याची भीती वाटली तो हाच.

आम्ही प्रश्नपत्रिका काढली तर 'समांतरभुज चौकोनाचा नियम सांगा व सिद्ध करा' हा प्रश्न ठेवू, पण त्याच्या शेजारी हाही ठेवू: भार २ टन, प्रत्येक बेल्टची सुरक्षित क्षमता १.५ टन, तर दोन बेल्टमधला कोन जास्तीत जास्त किती चालेल? आधी पट्टी-कोनमापक घेऊन काढा, मग कोसाइन लावा. उत्तर ९६ अंशांच्या आसपास यायला हवं. खऱ्या कामात अर्थात बेल्टच्या लेबलवर कोनानुसार दिलेली क्षमता पाहायची.

पुढच्या वेळी तीन बेल्टचं उदाहरण घेऊ. त्याला सपाट कागद पुरत नाही.