तलवार आणि पगाराची वही : मध्ययुगीन गेममधला भाडोत्री सैनिक

मध्ययुगीन लढायांवरच्या व्हिडिओ गेममध्ये भाडोत्री सैनिक हा हक्काचा नायक झाला आहे. त्याचे कारण इतिहासात कमी आणि गेमच्या रचनेत जास्त आहे. सरदाराच्या मुलाला घराणे आणि शपथ बांधून ठेवते, कुळाला जमीन सोडता येत नाही. पैशासाठी लढणारा मात्र आज एका राजाकडे, उद्या त्याच्या शत्रूकडे जाऊ शकतो. खेळणाऱ्याला नेमकी हीच मोकळीक हवी असते. अशा गेमचे ढोबळमानाने दोन प्रवाह दिसतात. एकात खेळाडू स्वतः तलवार चालवतो, दुसऱ्यात तो टोळी चालवतो. वास्तवदर्शी म्हणून जाहिरात होते ती बहुधा पहिल्या प्रवाहाची. भाडोत्री सैनिकाचे खरे आयुष्य मात्र दुसऱ्याच प्रवाहात जास्त उतरले आहे.

या सैनिकाबद्दलची भरघोस कागदपत्रे चौदाव्या-पंधराव्या शतकांतल्या इटलीत मिळतात. १३६० मध्ये ब्रेतिन्यीच्या तहाने इंग्लंड-फ्रान्स युद्ध काही काळ थांबले आणि हजारो सैनिक एका दिवसात बेकार झाले. त्यांनी टोळ्या करून फ्रान्समध्ये लूटमार चालवली. एप्रिल १३६२ मध्ये ब्रिन्ये येथे अशाच टोळ्यांनी फ्रेंच राजाच्या फौजेचा पराभव केला. काही टोळ्या आल्प्स ओलांडून इटलीत उतरल्या. त्यांपैकी ‘व्हाइट कंपनी’चा पुढे सेनापती झालेला जॉन हॉकवुड हा इंग्रज १३९४ मध्ये फ्लॉरेन्समध्ये वारला, तेव्हा त्या शहराचा मानकरी होता.

इटलीतली शहरे अशा टोळ्यांशी लेखी करार करीत. या कराराला ‘कोंदोत्ता’ म्हणत आणि तो करणारा सेनानी ‘कोंदोत्तिएरे’. करारात किती ‘लान्स’ पुरवायच्या हे लिहिलेले असे. व्हाइट कंपनीच्या पद्धतीत एक चिलखती स्वार, त्याचा साहाय्यक आणि एक पोरगेला हुजऱ्या मिळून एक लान्स होई. नोकरीची पक्की मुदत, त्यानंतर मालकाच्या मर्जीने वाढणारी मुदत, आगाऊ रक्कम आणि लुटीतला वाटा हे सगळे ठरलेले असे. गड आणि जमीन मालकाची, हलवता येण्याजोगा माल सैनिकांचा. हजेरीच्या वेळी कारकून प्रत्येक घोड्याचा रंग, खुणा आणि किंमत टिपून घेत. घोडा हलक्या प्रतीचा निघाला किंवा माणूस गैरहजर असला तर पगारातून कपात होई. नोकरीत घोडा मेला तर भरपाई मिळे. शिलेदार आणि बारगीर हा भेद ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला याचे मर्म लगेच कळेल. इटलीतला हा स्वार शिलेदाराच्या वर्गातला होता. घोडा हेच त्याचे भांडवल होते आणि ते बुडाले तर कोणी सोसायचे, हा कराराचा कळीचा मुद्दा होता. न लढण्यालाही दाम होता. जून १३७५ मध्ये फ्लॉरेन्सने हॉकवुडच्या टोळीला १,३०,००० फ्लोरिन दिले, ते पाच वर्षे शहरावर चालून न येण्याच्या बोलीवर.

वास्तवतेचा दावा करणाऱ्या गेमला हे सगळे कितपत पेलते, हा खरा प्रश्न आहे. गेमची ताकद आजवर मुख्यतः खर्च झाली ती घाव घालण्याच्या क्रियेवर. तुर्कस्तानातल्या अंकारा येथील टेलवर्ल्ड्सने २००८ मध्ये आणलेल्या ‘माउंट अँड ब्लेड’ने या बाबतीत मोठी उडी घेतली. माउस ज्या दिशेला वळेल त्या दिशेने वार आणि त्याच दिशेने बचाव, ही त्याची साधी कल्पना. शिवाय घोड्याचा वेग घावाच्या जोरात धरला जाई. काखेत भाला धरून भरधाव धडकणाऱ्या स्वारापुढे पायदळ का टिकत नसे, ते हा गेम तासाभरात शिकवतो. ‘शिव्हलरी’ (२०१२) आणि ‘मॉर्डहाउ’ (२०१९) यांनी हीच कला डझनावारी खेळाडूंच्या गर्दीत नेली. मॉर्डहाउ हे नावच जर्मन तलवारविद्येतल्या एका डावाचे आहे. त्यात तलवारीचे पाते दोन्ही हातांत धरून मुठीचा भाग हातोड्यासारखा हाणतात, कारण पोलादी पत्र्यावर धार चालत नाही. पण त्याच गेममध्ये सराईत खेळाडू अंग गर्रकन फिरवून पाते वेळेआधी किंवा वेळेनंतर पोहोचवतात, आणि लढाई बघता बघता नाचासारखी दिसू लागते. नाव इतिहासातून आले. जिंकण्याची रीत मात्र माउसने ठरवली.

प्रागच्या वॉरहॉर्स स्टुडिओजचा ‘किंगडम कम : डिलिव्हरन्स’ (२०१८) चिलखताच्या बाबतीत सर्वांत कष्टाळू आहे. आत कापसाचा जाड अंगरखा, त्यावर कडीचे चिलखत, त्यावर पत्रा असे थर त्यात एकेक करून चढवावे लागतात, आणि पत्रा घातलेल्या माणसावर तलवारीपेक्षा गदा जास्त चालते. त्यातली द्वंद्वे मात्र अचूक वेळी कळ दाबून मिळणाऱ्या हमखास उलटवारामुळे अनेकदा वाट पाहण्याचा खेळ होतात. एकूण या सगळ्याच गेममध्ये तलवारीला नको तेवढा मान आहे. पंधराव्या शतकातल्या पगारी सैनिकाचे मुख्य हत्यार बहुधा भाला, लांब दांड्याचा परशू किंवा क्रॉसबो असे. तलवार कमरेला असे, ती नंतरच्या कामासाठी.

शरीरावरच्या जखमांचे पुरावेही गेमपेक्षा वेगळे बोलतात. १३६१ मध्ये गॉटलँड बेटावरील व्हिस्बीजवळ डेन्मार्कच्या फौजेने मारलेल्या लोकांच्या सामूहिक थडग्यांतून हजाराहून अधिक सांगाडे निघाले. त्यांच्या पायांच्या हाडांवर घावांच्या खुणा मोठ्या प्रमाणावर आहेत, कारण पाय उघडे होते. इंग्लंडमधल्या टाउटनच्या १४६१ च्या लढाईतल्या, १९९६ मध्ये सापडलेल्या थडग्यात घाव मुख्यतः डोक्यावर आहेत, एकेका कवटीवर अनेक. पडलेल्या किंवा पळणाऱ्या माणसावर ते झाले असण्याचा संभव दाट आहे. काही सांगाड्यांवर जुन्या लढायांतल्या, भरून आलेल्या जखमाही दिसतात. गेममध्ये शेवटच्या माणसापर्यंत उभे राहून लढण्याची सवय आहे. मध्ययुगीन लढाईत रांग फुटल्यावर, पळापळीत, खरी कत्तल होई. घाव किती खोल, यापेक्षा माणूस केव्हा पळेल, हे दाखवणे कठीण आहे आणि ते फार थोड्यांनी दाखवले आहे.

शरण जाणे हाही त्या धंद्याचा भाग होता. जिवंत पकडलेला चिलखती स्वार म्हणजे खंडणी; मेलेला म्हणजे फक्त चिलखत. ‘माउंट अँड ब्लेड : वॉरबँड’ (२०१०) मध्ये दारूच्या गुत्त्यात कैदी विकत घेणारा खंडणीचा दलाल बसलेला असतो, आणि हरलेला खेळाडू मरत नाही तर कैद होतो. गेमच्या सोयीसाठी केलेली ही योजना इतिहासाच्या फार जवळ गेली आहे.

टोळी चालवण्याच्या प्रवाहात हॅम्बर्गच्या ओव्हरहाइप स्टुडिओजचा ‘बॅटल ब्रदर्स’ (२०१७) सर्वांत वरचा. दिसायला तो बुद्धिबळाच्या सोंगट्यांसारखा आहे. माणसांना पाय नाहीत, नुसते धड आणि डोके षटकोनी घरांवर सरकते. त्यात राक्षस आहेत, चालती प्रेतेही आहेत. तरीही भाडोत्री सैनिकाबद्दल सर्वांत खरे तोच बोलतो. प्रत्येक माणसाला रोजचा पगार आहे. अन्न नासते, चिलखत फाटते, दुरुस्तीला सामान लागते. भरती होणाऱ्यांत पळून आलेले शेतमजूर, चोरटे शिकारी, भिकारी आणि घराण्याने टाकलेले सरदारपुत्र असतात. लढाईत डोळा गेला तर तो कायमचा गेला. मेलेला माणूस परत येत नाही. काम घेण्यापूर्वी मालकाशी घासाघीस करता येते : आगाऊ किती, काम झाल्यावर किती, की मारलेल्या डोक्यामागे किती. माणूस जसजसा कसलेला होतो तसतसा त्याचा पगार वाढतो. मग पैशाची तंगी आली की नवे, स्वस्त रंगरूट पुढच्या रांगेत उभे करून अनुभवी माणूस जपण्याचा मोह खेळणाऱ्याला होतो. कोणत्याही पडद्यावर न लिहिलेला हा निर्दयपणा फक्त हिशेबातून उगवतो, आणि म्हणूनच तो पटतो. २०२० च्या विस्तार-आवृत्तीनंतर टोळीसोबत आचारी, वैद्य, पगारवाटप पाहणारा असे न लढणारे लोकही येऊ लागले. एक पोकळी मात्र फार मोठी आहे : टोळीकडे घोडेच नाहीत. कोंदोत्तिएरेच्या जगातला मुख्य खर्च, मुख्य अभिमान आणि मुख्य चिंता त्यामुळे गळून पडते.

फ्रान्सच्या शिरो गेम्सचा ‘वॉरटेल्स’ (२०२३) रात्रीच्या तळावर जास्त रमतो. त्यात स्वयंपाक, विश्रांती, ठरलेल्या दिवसांनी पगार, आणि चोरी फार केली तर मागे लागणारे शिपाई आहेत. भाडोत्री आणि दरोडेखोर यांच्यात फक्त चालू कराराचे अंतर असते, ही गोष्ट त्याने नीट पकडली आहे. दोन करारांमधले महिने हेच मध्ययुगीन खेड्यांसाठी सर्वांत वाईट असत. ११७९ च्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने ब्राबांत वगैरे भागांतल्या अशा टोळ्यांना धर्मबहिष्कृत केले, त्याचे कारणही हेच.

मोठ्या डावपेचांच्या गेममध्ये भाडोत्री सैनिक हा बहुधा नकाशावरचा तयार माल असतो. ‘मेडिव्हल २ : टोटल वॉर’ (२००६) मध्ये त्या त्या प्रदेशात मिळणारी पथके सेनापती जागच्या जागी विकत घेतो. ‘मॅनॉर लॉर्ड्स’मध्ये (२०२४ मध्ये अपूर्णावस्थेत प्रकाशित) खेळाडूच्या तिजोरीतून त्यांना महिन्याचा पगार जातो, आणि शेजारचा सरदारही त्याच टोळ्या भाड्याने घेऊ शकतो, ही स्पर्धा इटलीतल्या शहरांना चांगलीच परिचित होती. ‘क्रुसेडर किंग्ज ३’ मध्ये टोळी ठरावीक तीन वर्षांसाठी मिळते. सप्टेंबर २०२४ मधील विस्तार-आवृत्तीने खेळाडूला बिनजमिनीचा साहसी होऊन पैशासाठी इतरांच्या युद्धात उतरण्याची वाट मोकळी केली. कल्पना स्तुत्य आहे, पण तलवारबहाद्दराची ही वाट शेवटी राज्य मिळवण्याकडेच वळते.

इतिहासाच्या तुलनेत दोन गोष्टी जवळजवळ सगळीकडे कमी पडतात. पहिली म्हणजे पगार बुडवणारा मालक. गेममध्ये काम झाले की पैसे मिळतात. खरोखरच्या टोळ्यांची अनेक बंडे थकलेल्या पगारातून झाली. बायझंटाइन सम्राटाने तुर्कांविरुद्ध बोलावलेल्या कॅटलान कंपनीचा सेनानी रॉजर द फ्लोर १३०५ मध्ये एद्रियानोपल येथे मारला गेला, आणि टोळीने थ्रेस उजाड केला. पुढे अथेन्सचा ड्यूक ब्रिएनचा वॉल्टर याने त्यांना कामाला लावले, काम झाल्यावर बहुतेकांना पैसे न देताच रजा देऊ पाहिली. १५ मार्च १३११ रोजी त्यांनी त्याला रणांगणात मारले, त्याची जहागीर घेतली आणि अनेक दशके चालवली. या टोळीला स्वतःची सभा होती, मोहोर होती. सैनिक एकत्र बसून ठरवतात आणि सेनानीला ते ऐकावे लागते, हे चित्र ‘बॅटल ब्रदर्स’मध्येही नाही, कारण तिथे खेळाडूचा शब्द शेवटचा असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे ज्यांच्यावर हे सैनिक येऊन पडत ते लोक. मॅकियाव्हेलीने या टोळ्यांना लुटुपुटूची युद्धे खेळणारे ठरवले. १४४० च्या अँगियारीच्या लढाईत एकच माणूस, तोही घोड्यावरून पडून, मेला असे त्याने लिहिले. समकालीन नोंदींत मृतांचा आकडा याहून बराच मोठा आहे. इतिहासकार मायकेल मॅलेट यांच्या १९७४ च्या अभ्यासानंतर हा समज बराच मावळला आहे. शिवाय मॅकियाव्हेलीचे लक्ष रणांगणावर होते, या लोकांवर नव्हते. फेब्रुवारी १३७७ मध्ये चेझेना शहरात ब्रेतॉन टोळ्यांनी आणि हॉकवुडच्या माणसांनी पोपच्या प्रतिनिधीच्या हुकमावरून नागरिकांची कत्तल केली. मृतांची संख्या हजारांत मोजली जाते. ‘वॉरबँड’मध्ये गाव लुटता येते, पण तेव्हा खेळाडू नकाशावर थांबून राहतो, गावातून ज्वाळा निघतात, आणि शेवटी मिळालेल्या मालाची यादी समोर येते. लुटलेल्या माणसाला चेहरा नाही. गावाशी असलेले नाते आकड्यांत घटते, बस्स. सैनिकी जीवनाचा इतका बारीक हिशेब ठेवणाऱ्या कलेने हा भाग इतक्या सहज सोडून द्यावा, हे तिचे सर्वांत मोठे उणेपण आहे.

ही बाजू उलटी करून पाहिली ती ‘किंगडम कम’ने. १४०३ मधल्या बोहेमियात हंगेरीचा राजा सिगिस्मुंड याची फौज स्कालिका गाव जाळते, आणि कथा पैसे घेऊन आलेल्यांच्या नव्हे, तर त्यांच्या हातून आईबाप गमावलेल्या लोहाराच्या पोराच्या बाजूने सुरू होते. पुढे तो टोळीच्या तळापर्यंत पोहोचतो तो खोट्या नाण्यांचा माग काढत : भाडोत्र्यांना चांदीचे प्राग ग्रोशन म्हणून नकली नाणी वाटली जात असतात. फौज कशावर चालते याचे याहून नेमके उत्तर कोणत्याही गेमने दिलेले नाही. फेब्रुवारी २०२५ च्या दुसऱ्या भागात यान झिझ्का आणि ‘सुका सैतान’ म्हणून ओळखला जाणारा हिनेक यांच्यासारखी ऐतिहासिक माणसे नायकाचे साथीदार होतात. हा झिझ्का पुढे बोहेमियातल्या हुसाईट धर्मसुधारकांचा सेनापती म्हणून गाजला, पण १४०९ मध्ये राजाकडून माफी मिळण्याआधी तो दरोडेखोरांच्या टोळीत होता; पुढच्याच वर्षी तो पोलंडच्या राजाच्या बाजूने ग्रुनवाल्डच्या लढाईत उतरला. पहिल्या भागात सिगिस्मुंडच्या फौजेतले कुमान स्वार मात्र परकी भाषा बोलणारे, मुखवट्याआडचे शत्रू एवढेच राहिले. दुसऱ्या भागात कुमानांबरोबर बसून पिता येते, बोलता येते.