पांढऱ्या लोकरीवरचा देश

मेलबर्नला राहणारी माझी भाची गेल्या नाताळात वसईला आली, तेव्हा तिच्या पिशवीत हाताने रंगवलेल्या लोकरीच्या तीन लड्या होत्या. एक विटकरी, मधूनमधून जांभळी झाक असलेली. एक राखाडी-हिरवी, निलगिरीच्या पानासारखी. तिसरी वाळल्या गवताची. चिठ्ठ्यांवर रंगांची नावं नव्हती, ठिकाणांची होती. त्या लोकरीतून ती गळ्याभोवती नक्षीचा गोल पट्टा असलेला स्वेटर विणत होती. लाल माती, खारी तळी, वणव्यात जळलेली खोडं असं सगळं लोकरीत उतरवणारे छोटे रंगारी तिकडे बरेच आहेत. "मावशी, हा आमचा देश," लड्या माझ्या मांडीवर ठेवत ती म्हणाली. त्या वाक्याने मला दहा महिने गुंतवून ठेवलं आहे.

वस्त्रविद्येची पदवी माझ्याकडे नाही. सुलट-उलट टाके मी शिकले ते विरार लोकलच्या बायकांच्या डब्यात, भाजी निवडणाऱ्यांच्या शेजारी बसून. इथल्या हवेत लोकरीचं काम काय? बाळाचं टोपरं, मोजे, फार तर गावी पाठवायची शाल. रंगही ठरलेले, पांढरा, गुलाबी, आकाशी. पण मराठीत मागावरच्या आणि सुयांवरच्या अशा दोन्ही कामांना आपण 'विणणं'च म्हणतो. त्या एका शब्दाच्या आधाराने मी टोपऱ्यापासून घोंगडीपर्यंत वाचत गेले.

आधी भाचीच्या स्वेटरबद्दल. दोन रंगांच्या विणकामात एका ओळीत दोन्ही धागे चालवायचे असतात. ज्याची पाळी नाही तो मागून न्यायचा. तो ओढला गेला तर कापड आकसतं, फार सैल राहिला तर घालताना बोटं अडकतात. शिवाय नक्षी उठायची तर एक रंग गडद आणि दुसरा फिका हवा. मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढून पाहिला की लगेच कळतं. भाचीच्या स्वेटरचा तसा फोटो काढला तर सगळा पट्टा एकसारखा राखाडी दिसला. विटकरी आणि हिरवा नुसत्या डोळ्यांना लांबचे वाटत होते, पण गडदपणात जुळे भाऊ. त्यात प्रत्येक लडीत स्वतःचे ठिपके आणि छटा. लडीत सुंदर दिसणारी रंगाई नक्षीत शिरली की नक्षीशीच भांडते. ही लोकर हातात धरून पाहण्यासाठी रंगवलेली आहे, विणण्यासाठी नाही, असं माझं स्पष्ट मत झालं. (भाचीला ते आवडलं नाही. पण तिने पट्टा उसवला.)

याच देशातली जेनी की मला म्हणूनच मोठी वाटते. तिने १९७३ साली सिडनीत 'फ्लेमिंगो पार्क' नावाचं दुकान काढलं. कोआला, कुकाबुरा, वाराटाचं लालभडक फूल असे विषय तिने ठसठशीत सपाट रंगांत स्वेटरवर आणले. डायनाने १९८२ साली तिचा कोआलाचा स्वेटर घातला आणि तो जगभर पोचला. जेनी कीच्या कामात निसर्गाची हुबेहूब नक्कल नाही. टाका हा चौकोन आहे आणि चौकोनांतून जे उभं राहतं तेच आपलं चित्र, हे तिने मान्य केलं होतं.

माझी खरी अडचण मात्र रंगाच्या खालच्या लोकरीची होती. या बहुतेक लड्या मेरिनोच्या असतात. मेरिनो पांढरी म्हणून तिच्यावर कोणताही रंग चढतो. आम्ल घालून गरम केलेल्या रंगाच्या पाण्यात लोकर शिजवली की झालं. पण ही मेंढी तिथली नव्हे. १७९७ साली ती आफ्रिकेच्या केपहून सिडनीला आणली गेली आणि पुढच्या शतकात तिच्या कळपांसाठी आदिवासींच्या जमिनी बळकावल्या गेल्या. आज मेलबर्न आहे त्या प्रदेशात मुरनाँग नावाची पिवळ्या फुलांची वनस्पती माजलेली असायची. तिचे कंद हे तिथल्या लोकांचं रोजचं अन्न. मेंढ्यांनी ती खाऊन जवळजवळ संपवली. खुरांखाली भुसभुशीत माती दडपली गेली. म्हणजे ज्या जनावराने ते भूदृश्य बदललं, त्याच्याच पाठीवरच्या लोकरीवर आज त्या भूदृश्याची आठवण रंगवली जाते. 'वाळलं गवत' या लडीत मला मुरनाँगचा पिवळा दिसेना, आणि तो नसल्याचंही कुठे दिसेना. इंडिया फ्लिंट या ऑस्ट्रेलियन रंगतज्ज्ञ बाईंनी निलगिरीच्या पानांपासूनच लोकर रंगवण्याची रीत जोपासली. २००८ सालचं त्यांचं 'इको कलर' हे पुस्तक त्यावरच आहे. त्यात निदान झाड तरी तिथलं असतं. मीही विरारच्या रस्त्यावरची निलगिरी आणून दोन तास उकळली. घरभर सर्दीच्या औषधाचा वास आणि लोकरीला मळकट तपकिरी रंग.

आपल्याकडे याच्या अगदी उलट टोकाला घोंगडी आहे. दख्खनी मेंढीची लोकर काळी, तपकिरी, करडी, जशी असेल तशी. धनगराच्या घरी ती कातली जाते, सनगर चिंचोक्याची खळ लावून खड्ड्याच्या मागावर विणतो. काळ्यावर पांढरी पट्टी हवी तर तशी लोकर निवडायची, बुडवायची नाही. काळं टोक उन्हाने तांबूस होतं, मेंढी म्हातारी झाली की करडी होते. हवामान आणि वय लोकरीतच आलेलं असतं. पहिल्या कातरणीच्या जावळाची घोंगडी त्यातल्या त्यात मऊ. पण उगाच गोडवे गाण्यात अर्थ नाही. ही लोकर टोचते, तिला ताण कमी, आणि तिला भावच मिळत नसल्यामुळे कातरून फेकून देणारे मेंढपाळ मी पाहिले आहेत. माळरानाचं इतकं खरं सूत आपण फेकतो आणि 'निसर्गातून प्रेरणा' असं छापलेल्या लडीचं कौतुक करतो.

मग वसईचा रंग कोणता? भाचीने विचारलं तेव्हा मी घाईघाईने यादी केली: केळीच्या बागेचा हिरवा, मिठागराचा पांढरा, सुकेळीचा काळपट मधाळ, भुईगावच्या किनाऱ्याचा ओला करडा. तिने वहीत उतरवून घेतलं. दुसऱ्या दिवशी निर्मळच्या वाटेवर वाडीतून एक कुपारी आजी आली, अंगावर लाल चौकडीचं लुगडं. साऱ्या हिरव्यात तेवढंच लाल. आपल्या भोवतालाचं चित्रच काढायचं असतं तर या बायकांनी हिरवं नेसायला हवं होतं. त्यांनी पिढ्यान्पिढ्या लाल नेसलं, वाडीत लांबूनही दिसावं असं. रात्री वही मागून घेतली आणि माझी यादी खोडली.

जाताना तिला मी धनगरी काळ्या सुताचा एक गुंडा दिला. "हा कशात बुडवलाय?" तिने विचारलं. कशातही नाही, म्हटलं. आता तिकडे ती त्या काळ्यासोबत विटकरी लडी विणते आहे. फोटो पाठवते. ताण नसल्यामुळे मागचे धागे घट्ट बसतात, दोनदा उसवून झालं आहे. तिसऱ्यांदा तिने सुई एक नंबर मोठी घेतली आहे, आणि आता बाही कोपरापर्यंत आली आहे.