निनवेच्या मृत्फलकांची साक्ष

कोणताही जुना कागद हातीं आला म्हणजे संशोधकानें त्यास प्रथम तीन प्रश्न विचारावे : तो कोणीं लिहिला, कोणासाठीं लिहिला आणि कोठून मिळाला. हे प्रश्न कागदास जसे लागू तसेच भाजलेल्या मातीसही लागू आहेत. परंतु अश्शूरच्या प्राचीन राज्याविषयीं जें लिहिलें-बोललें जातें त्यांत ते क्वचितच विचारलेले दिसतात. एक पक्ष अश्शूरी राजांस केवळ क्रूर विध्वंसक ठरवितो. दुसरा त्यांतील अश्शूरबनिपाल राजास विद्येचा थोर आश्रयदाता म्हणून गौरवितो. दोन्ही पक्षांचा आधार एकाच दप्तरांतला आहे, आणि तें दप्तर कोणीच नीट पारखून घेतलेलें नाहीं, असें आमचें मत आहे. तें सप्रमाण मांडण्याचा येथें यत्न केला आहे.

अश्शूर हें मूळचें तैग्रिस नदीच्या कांठचें एक नगर. तेथील भाषा अक्कदी. ती सेमिटिक कुळांतील असून अश्शूरी व बाबिलोनी अशा तिच्या दोन मुख्य शाखा होत्या, व ती कीलाकार लिपींत लिहीत. इ. स. पूर्वीं १९ व्या शतकांत या नगराचे व्यापारी आशिया मायनरांतील कानेश येथें कथील व कापड नेऊन विकीत आणि सोनेंचांदी घेऊन परतत. कानेश येथें २०,००० हून अधिक फलक सांपडले. ते बहुतेक देण्याघेण्याचे व पत्रव्यवहाराचे आहेत. अश्शूरची पहिली विपुल साक्ष व्यापाऱ्याच्या वहीची आहे, ही गोष्ट त्याच्या लढायांचीं वर्णनें वाचणारा सहसा विसरतो.

लिपि लागली, पण वाचन खरें कीं काल्पनिक, अशी शंका प्रथम पुष्कळांस होती. तिचें निरसन १८५७ सालीं झालें. तिग्लथ-पिलेसर पहिला याचा एकच लेख रॉलिन्सन, हिंक्स, टॅल्बट व ओपर्ट या चौघांनीं स्वतंत्रपणें भाषांतरिला. लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीनें तीं भाषांतरें ताडून पाहिलीं आणि मुख्य आशय जुळला. यांतील रॉलिन्सन हा मुंबई इलाख्याच्या फौजेंतला अधिकारी होता. वाचन अशा रीतीनें विश्वसनीय ठरलें. परंतु वाचलेला मजकूर खरा आहे कीं नाहीं, हा प्रश्न निराळा.

उदाहरणार्थ, इ. स. पू. ८५३ मधील करकरची लढाई घेऊं. शल्मनेसर तिसरा याच्या कुर्ख येथील शिलास्तंभावर बारा राजे एक होऊन आल्याचें म्हटलें आहे. नांवें मात्र अकराच दिलीं आहेत. शत्रूचे १४,००० लोक मारले, असें हा लेख सांगतो. त्याच राजाच्या काळ्या स्तंभावर हा आकडा २०,५०० होतो आणि इतर लेखांत याहूनही वाढतो. लढाई एक, राजा एक, आणि मेलेल्यांची संख्या मात्र वर्षांबरोबर वाढत गेली ! पुढें इ. स. पू. ८४९, ८४८ व ८४५ या सालीं याच संघाशीं पुनः लढावें लागलें, ही गोष्ट त्याच राजाच्या लेखांवरून निघते. जो शत्रू पहिल्याच झुंजींत निर्दाळला, त्यावर आणखी तीन मोहिमा कशाला ? बखरींतील फौजांचे आकडे तपासण्याची ज्यांस संवय आहे त्यांस हा प्रकार नवा वाटणार नाहीं. विजयलेख हा देवापुढें व प्रजेपुढें राजानें मांडलेला स्वतःचा गौरव असतो. त्यांतील स्थळ व क्रम पुष्कळदां ग्राह्य, संख्या मात्र संशयास्पद.

तथापि केवळ संशयानें इतिहास बनत नाहीं. इ. स. पू. ७०१ मध्यें सन्हेरीब राजानें यहूदावर स्वारी केली. या प्रसंगाचें वैशिष्ट्य असें कीं, त्याबद्दल दोन्ही पक्षांचे लेख उपलब्ध आहेत. सन्हेरीब म्हणतो कीं, ४६ तटबंदीचीं नगरें घेतलीं आणि हिज्कीया राजास यरुशलेमांत पिंजऱ्यांतील पाखरागत कोंडलें. बायबलांत १,८५,००० अश्शूरी एका रात्रींत देवदूताच्या हातून मेल्याचें वर्णन आहे. दोन्हीं विधानें पक्षपाती. परंतु खंडणीचें सोनें ३० किक्कार, याविषयीं दोघांचें एकमत आहे. चांदी एक ८०० सांगतो, दुसरा ३००. यरुशलेम जिंकलें असें सन्हेरीबही म्हणत नाहीं. लाखीशचा वेढा त्याच्या लेखांत नाहीं. तो बायबलांत सूचित आहे, त्याच्याच निनवेच्या राजवाड्यांतील भिंतींवर कोरलेला आहे, आणि लाखीशच्या उत्खननांत वेढ्याचा चढाव प्रत्यक्ष सांपडला आहे. वैऱ्यांच्या साक्षी जेथें जुळतात तेथें पाय रोवावा, व जेथें जुळत नाहींत तेथें जमिनीस विचारावें, हा नियम यावरून निघतो.

याहूनही बळकट पुरावा ज्यांत कोणाचाच गौरव नाहीं अशा याद्यांचा. अश्शूरी लोक प्रत्येक वर्षास एका अधिकाऱ्याचें नांव देत, व त्या नांवांच्या याद्या राखीत. बुर-सगिले याच्या वर्षीं सूर्यग्रहण झाल्याची नोंद अशाच यादींत आहे. गणितानें तें ग्रहण १५ जून, इ. स. पू. ७६३ चें ठरतें, आणि या एका ओळीवर त्या राज्याची कालगणना उभी आहे. एका कारकुनाच्या कोरड्या नोंदीनें जें साधलें तें राजांच्या शेंकडों ओळींस साधलें नाहीं.

आतां अश्शूरबनिपालाचा संग्रह. तेथील लेखकांच्या प्रामाणिकपणाविषयीं आम्हांस नितांत आदर आहे. मूळ फलक जेथें फुटलेला होता तेथें पदरचा मजकूर न घालतां 'फुटलें आहे' एवढाच शेरा ते लिहीत. फूट ताजी असल्यास तसेंही नमूद करीत. प्रत मूळाशीं ताडून पाहिल्याचें शेवटीं सांगत. परंतु लेखक प्रामाणिक म्हणून संग्राहक निर्दोष ठरत नाहीं. इ. स. पू. ६४७ च्या सुमाराच्या प्राप्तीच्या याद्या उपलब्ध आहेत; त्यांवरून सुमारें २,००० मृत्फलक व ३०० लांकडी पाट्या राजवाड्यांत आल्याचें दिसतें. त्यांचा बराच भाग बाबिलोनियांतून आला. याच्या अगोदरच, इ. स. पू. ६५२ पासून ६४८ पर्यंत, राजाचें बाबिलोनांतील आपल्या भावाशीं युद्ध होऊन बाबिलोन पडलें होतें. हा क्रम पाहतां या ग्रंथांतील कित्येक पराभूतांच्या घरांतून आले, हें अनुमान टाळतां येत नाहीं. ज्यास आपण विद्याव्यासंग म्हणतों, त्यांत लूट किती, हें विचारलेंच पाहिजे. इ. स. पू. ६१२ मध्यें निनवे जळालें. आगीनें माती भाजून टिकली, आणि लांकडी पाट्या नष्ट झाल्या. म्हणजे आज उरलेला संग्रह राजानें निवडला तेवढा नसून आगीनें सोडला तेवढा आहे.

तिसरा प्रश्न उगमाचा, आणि येथें दोष आधुनिकांचा आहे. लेयार्ड व रस्साम यांनीं निनवेच्या दोन निरनिराळ्या राजवाड्यांतून फलक काढले. परंतु ते लंडनच्या ब्रिटिश म्यूझियमांत इतके मिसळले कीं, पुष्कळ तुकडे कोणत्या वाड्यांतले हें आतां सांगतां येत नाहीं. २००३ सालीं बगदादचें संग्रहालय लुटलें गेलें व २०१५ सालीं नीमरूदचा राजवाडा सुरुंगानें उडविण्यांत आला. अशा स्थितींत मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांतील अश्शूरी शिळांचें मोल वाढलें आहे. २०२१ सालीं अमेरिकेनें गिल्गमेश-कथेचा एक फलक इराकास परत केला. त्याच्या विक्रीच्या वेळीं दाखविलेला पूर्वेतिहास खोटा निघाला होता. फलक खरा, कागद खोटा !

उगमाचा हा आग्रह आपल्या घरच्या एका प्रश्नासही लागू आहे. लोकमान्य टिळकांनीं १९१७ सालीं डॉ. भांडारकरांच्या गौरवग्रंथांत अथर्ववेदांतील तैमात, आलिगी, विलिगी, उरुगूला हे शब्द खाल्डियाच्या भाषेंतले असावे, असें प्रतिपादिलें. कल्पना तेजस्वी व प्रश्न योग्य. पण ध्वनिसाम्य हें चौकशीचें कारण आहे, निकाल नव्हे. शब्द कोणत्या वाटेनें, कोणत्या काळीं व कोणाच्या तोंडून आला, हें दाखविल्यावांचून तो फलकावरील शब्द वेदांतला म्हणतां येणार नाहीं. टिळकांविषयींच्या आदरानें ही अट शिथिल करूं नये. त्यांच्या विद्वत्तेस तीच शोभते.

कीलाकार लिपींतील अगदीं शेवटचे उपलब्ध लेख इ. स. पहिल्या शतकांतले व ज्योतिषाचे आहेत. साठांनीं मोजण्याची त्या लोकांची रीत तासाच्या मिनिटांत आजही राहिली आहे. इतकें टिकलेलें द्रव्य आपल्या हातून निष्काळजीपणें नासूं नये. म्हणून संग्राहकांस एवढीच विनंती कीं, पोथी किंवा कागद घेतांना तो कोणत्या गांवीं, कोणाच्या घरीं व कोणत्या रुमालांत मिळाला, हें त्याच दिवशीं लिहून ठेवावें; आणि पान फाटलें असेल तेथें फाटलें आहे असेंच लिहावें. निनवेच्या लेखकास तें सुचलें होतें.