पाहणे आणि निवणे

मुस्लिम मराठी साहित्याविषयी लिहिताना एक गोष्ट आम्हांला वारंवार जाणवत आली आहे. या साहित्यात मोहल्ला आहे, दंगल आहे, तलाक आहे, भाषेवरून होणारी कुचंबणा आहे. पण झाड, पाखरू, समुद्र फारसे नाहीत. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आपल्या लेखकांनी जे प्रश्न हाती घेतले ते निकडीचे होते. पुढच्या तीन वर्षांच्या आत तर मुंबई पेटली. अशा वेळी सुरूच्या बनात वारा कसा वाजतो हे कोण लिहिणार? कोणी लिहिले असते तर आपणच त्याला पळपुटा म्हटले असते. हमीद दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. त्यांच्या 'इंधन'मधले (१९६५) गाव कोकणातले आहे, पण कादंबरीचा सारा ताण माणसामाणसांतला आहे, आणि तो तसाच असायला हवा होता.

निसर्गात रमणारे साहित्य म्हणजे पोट भरलेल्यांचे साहित्य, हा समज आपल्याकडे पक्का आहे. तो बराचसा खरा असला तरी पुरता खरा नाही. तो तपासून पाहायला सिंधुदुर्गातले देवबाग आम्हांला सोयीचे वाटते.

मालवणहून तारकर्ली ओलांडून दक्षिणेला गेले की देवबाग लागते. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मध्ये वाळूची अरुंद पट्टी. तिच्यावर माड, घरे, होड्या. टोकाला नदी समुद्राला मिळते, समोर भोगव्याचा डोंगर. संगमावरच्या वाळूच्या बेटाला २००४ च्या लाटेनंतर 'सुनामी आयलंड' म्हणू लागले आणि तिथे पर्यटकांच्या होड्या लागू लागल्या. जाहिरातीत या जागेबरोबर 'मनःशांती' हा शब्द हटकून येतो. गावाची गोष्ट वेगळी आहे. समुद्राकडून जमीन खचते, म्हणून काळ्या दगडांचे बंधारे घालावे लागतात. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ याच किनाऱ्याजवळून गेले. जिथे शहरातला माणूस शांत व्हायला येतो, तिथला माणूस रात्री पाण्याचा आवाज बदलला की जागा होतो.

मग शांती कोणाची? कोकणावरचे पुष्कळसे ललित लेखन इथेच घसरते. त्यात समुद्र 'अथांग' असतो, माड 'डुलतात', संध्याकाळ 'सोनेरी' असते. लेखक समुद्राकडे पाहत नसतो, स्वतःच्या हळवेपणाकडे पाहत असतो. अशा लेखनाने वाचक निवत नाही, थोडा वेळ सुस्तावतो.

खरे पाहणे कसे असते याचे उदाहरण आपल्याला दूर शोधायला नको. सालिम अली मुंबईच्या बोहरा कुटुंबातले. १९३० साली ते जर्मनीहून पक्षिशास्त्राचे शिक्षण घेऊन परतले, तर मुंबईच्या संग्रहालयातली त्यांची जागाच पैशाअभावी रद्द झाली होती. चौतिशीच्या उंबरठ्यावरचा हा माणूस बेकार. खर्च परवडेना म्हणून पत्नी तेहमिना यांच्यासह ते अलिबागजवळ किहीमच्या घरी राहायला गेले. तिथे पावसाळ्यात सुगरण पक्ष्यांची वसाहत भरली होती. ते तासन् तास बसून नोंदी करू लागले. त्यातून जे निघाले ते १९३१ साली प्रसिद्ध झाले आणि जाणकार चकित झाले. खोपा विणतो तो नर. अर्धामुर्धा विणून झाला की मादी येऊन तो तपासते, पसंत पडला तर राहते; आणि नर पुढे दुसऱ्या मादीसाठी दुसरा खोपा सुरू करतो.

त्यांचे आत्मचरित्र, 'द फॉल ऑफ अ स्पॅरो' (१९८५), इंग्रजीत आहे. आध्यात्मिक समाधान शोधणाऱ्याची त्यात निराशा होईल. सालिम अलींच्या गद्यात गहिवर नाही; मिस्कीलपणा, तिरकसपणा आणि तपशील आहे. आमच्या मते त्याचे मोठेपण याच कोरडेपणात आहे. नोकरी गेलेला माणूस आपल्या नोकरीविषयी न बोलता पाखराच्या चोचीतल्या गवताच्या धाग्याविषयी बोलतो, तेव्हा वाचकाला कळते की याचे मन ठिकाणावर आहे. शांती हा शब्द त्याला उच्चारावा लागत नाही.

याच पाखरावर बहिणाबाई चौधरींची कविता आहे आणि ती आपल्या सर्वांना तोंडपाठ आहे. तिथे खोपा विणणारी आई आहे. सालिम अलींच्या नोंदीपुढे ती कविता चुकीची ठरते काय? मराठीने त्या पाखराला नावच बाईचे दिले आहे. शिवाय बहिणाबाईंचे डोळे कारागिरीवर आहेत, एवढ्याशा हत्याराने केवढे काम होते यावर. तेही पाहणेच आहे, शेतात राबणाऱ्या बाईचे. तिला फुरसतवाली कोण म्हणेल? तपशील निसटला असेल, लक्ष निसटलेले नाही. दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' (१९५६) आम्ही याच रांगेत ठेवतो. महिन्यामागून महिना घेऊन त्या झाडाचे नाव, फुलाचा रंग, पालवीची वेळ नेमकी सांगतात. नेमकेपणा सुटतो तिथे त्यांचेही गद्य थोडे अलंकारिक होते, पण अशा जागा कमी आहेत.

आता आपल्याकडे वळू. आपल्या घरांत पाहण्याची सवय नव्हती असे म्हणता येणार नाही. हिलाल दिसल्याशिवाय महिना बदलत नाही. घड्याळे नव्हती तेव्हा असरची वेळ सावली मोजून ठरत असे. कोकणातले आपले बहुतेक लोक शाफई. त्यांच्या हिशेबाने दुपारची मूळ सावली वजा करून वस्तूची सावली तिच्या उंचीइतकी झाली की असर. म्हणजे रोज उन्हाकडे पाहणे आले. कुरआनात आकाश, पाऊस, रात्र-दिवसाचा फेरा यांकडे पाहून विचार करायला किती वेळा सांगितले आहे! त्याला तफक्कुर हा शब्दही आपल्याकडे आहे. सूरह रहमानमध्ये दोन पाण्यांच्या भेटीचा आणि त्यांच्यामधल्या पडद्याचा उल्लेख येतो. आपले वक्ते तो विज्ञानाचा पुरावा म्हणून व्यासपीठावरून फेकतात. संगमाच्या काठी पाच मिनिटे उभे राहायची गरज त्यांना वाटत नाही. पावसाळ्यात कर्ली तांबडे पाणी घेऊन उतरते, भरतीचे पाणी तिला मागे लोटते. तिथे उभे राहिले की पुरावा वगैरे शब्द आपोआप मागे पडतात.

इथला मच्छीमार पाण्याकडे पाहतो ते पोटासाठी. अमावस्या-पुनवेला उधाण, अष्टमीला भांग. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो, हा कोकणातला जुना हिशेब. आपला चांद्र महिना या हिशेबाला किती जवळचा आहे! चांदरातीच्या आसपास उधाण असते, चौदाव्या-पंधराव्या चांदाला पुन्हा. रापण ओढायची की थांबायचे हे पाणी पाहून ठरते. अशा माणसाला निसर्ग 'रम्य' वाटत नसेलही, पण तो तासभर पाण्याकडे नुसता पाहू शकतो आणि त्या तासात त्याची कर्जाची चिंता थोडी बाजूला बसते. ही चैन आहे असे म्हणणाऱ्याने एकदा बंधाऱ्यावर बसून पाहावे.

आपल्या कोकणी मुसलमान लेखकांकडे खलाशी, दर्यावर्दी आणि मासेमार घराण्यांचा पिढ्यांचा अनुभव आहे. भरतीचा हा हिशेब आणि घरातला हिजरी महिना यांची गाठ पडलेली एखादी कथा अजून आमच्या वाचनात आलेली नाही. ती लिहिणाऱ्याने मोहल्ल्यातले प्रश्न सोडावेत असे आमचे म्हणणे मुळीच नाही. तलाक मिळालेली बाई माहेरच्या अंगणात उभी असेल तेव्हा त्या अंगणात कोणते झाड आहे, पाणी चढते आहे की उतरते आहे, एवढे त्याने आम्हांला सांगावे.