‘समूळ उपचार’ : एका संज्ञेचे परीक्षण

औषधयोजनेचे धोरण बदलले म्हणजे गोळ्यांबरोबर संज्ञाही तपासून घ्याव्या लागतात. हिवतापाच्या बाबतीत हे काम अपुरे राहिले आहे.

पूर्वीच्या पद्धतीत तापाच्या रुग्णाचा रक्तनमुना घेऊन लगेच क्लोरोक्विन देत, तो ‘गृहीतोपचार’. रक्तात जंतू आढळल्यावर होई तो ‘समूळ उपचार’. दोन्ही संज्ञांचे अर्थ परस्परविरोधाने निश्चित झालेले होते. पुढे आधी निदान, मग उपचार हा दंडक आला. २०१३ च्या राष्ट्रीय औषध धोरणातही तोच आहे. पहिली संज्ञा मावळली. दुसरी प्रतियोगी गमावूनही टिकली, आणि तिच्या पोटात दोन भिन्न क्रिया राहिल्या.

व्हायवॅक्स हिवतापात क्लोरोक्विन ३ दिवस व प्रायमाक्विन १४ दिवस द्यावयाचे असते. यकृतात दडलेले जंतू पुढे रोग उलटवितात. त्यांचा नाश म्हणजे अक्षरशः मूळ उपटणे होय. फॅल्सिपेरममध्ये असे सुप्त मूळ नसतेच. तेथे महाराष्ट्रासाठी आर्टेसुनेट ३ दिवस, पहिल्या दिवशी सल्फाडॉक्सिन-पायरीमेथामिन आणि दुसऱ्या दिवशी प्रायमाक्विनची एकच मात्रा विहित आहे. ही मात्रा डासावाटे होणारा प्रसार थांबविते. तिचा लाभ शेजाऱ्याला. औषध एक, संज्ञा एक. हेतू मात्र निराळे.

या संदिग्धतेचा भार अखेर ऐकणाऱ्यावर पडतो. वणी, मारेगाव, झरी-जामणी या भागांत मराठीबरोबर कोलामी, गोंडी व तेलुगूही बोलल्या जातात. कित्येकांना औषधाची सूचना दुसऱ्या भाषेतून समजून घ्यावी लागते. ‘हिवताप’ या सामासिक शब्दात तर हीव आणि ताप एवढेच आहे. तिसऱ्या दिवशी दोन्ही ओसरल्यावर उरलेल्या गोळ्या सोडणारा रुग्ण शब्दाच्या अर्थालाच अनुसरतो. त्यास अडाणी म्हणणे न्याय्य नव्हे. परिणाम मात्र त्यालाच भोगावा लागतो : काही आठवड्यांनी वा महिन्यांनी रोग उलटतो.

म्हणून व्हायवॅक्ससाठी ‘१४ दिवसांचा समूळ उपचार’ आणि फॅल्सिपेरमसाठी ‘प्रसाररोधक मात्रा’ असा भेद करावा. गर्भवती, १ वर्षाखालील अर्भके व जी-६-पीडी विकराची उणीव असलेले यांना प्रायमाक्विन वर्ज्य, हेही तेथेच नोंदवावे. ताप जाणे आणि रोग जाणे या दोन घटना होत. चिठ्ठीच्या भाषेने त्या वेगळ्या दाखविल्या पाहिजेत.