नववी खेळी, एच३ : बुद्धिबळ शिकवणाऱ्या पुस्तकांबद्दल

आज बोलायचंय ते बुद्धिबळ शिकवणाऱ्या पुस्तकांबद्दल. ग्रँडमास्टरांसाठी लिहिलेल्या नव्हे. मोहरे कसे चालतात हे कळलंय, पण दहा खेळ्या झाल्या की पुढं काय करायचं ते सुचत नाही, अशा खेळाडूसाठी लिहिलेल्या.

यातलं फार वाचलं गेलेलं एक पुस्तक घेऊ. आयर्विंग चेर्नेव्ह यांचं ‘लॉजिकल चेस : मूव्ह बाय मूव्ह’, १९५७ सालचं. तेहतीस डाव आणि प्रत्येक खेळीवर टीप. अगदी ‘ई४’ आलं की दर डावात पुन्हा तेच समजावतात. जाणकाराला कंटाळा येईल, पण नवशिक्याला याचीच गरज असते. इतर पुस्तकं दहा खेळ्या एका ओळीत उरकतात आणि वाचणारा तिथंच सुटतो. चेर्नेव्ह त्याला सोडत नाहीत. हा त्यांचा मोठेपणा, तो आधी मान्य करू.

आता तक्रार. पहिलाच डाव बघा : फॉन शेव्ह विरुद्ध टाइखमान, बर्लिन, १९०७. पांढऱ्यानं नवव्या खेळीला एच३ केलं, राजासमोरचं प्यादं एक घर पुढं. बाराव्या खेळीला काळ्याच्या उंटानं तेच प्यादं मारलं आणि सतराव्या खेळीपर्यंत खेळ खलास! धडा काय? कॅसलिंग केलेल्या राजासमोरची प्यादी उगाच हलवू नका. पुढच्या डावांतही हाच उपदेश पुन्हा पुन्हा येतो.

पण डाव पटावर मांडून बघा. एच३ झालं तेव्हा काळ्याचा ए७ वरचा उंट आंधळा होता, डी४ च्या प्याद्यानं त्याची वाट अडवलेली होती. ती वाट मोकळी केली पांढऱ्यानंच, दहाव्या खेळीला त्याच प्याद्यानं ई५ वर मारून. अकराव्या खेळीला त्यानं घोडे बदलले, म्हणजे राजाजवळचा राखणदार गेला आणि काळ्याचा वजीर आपसूक ई५ वर आला. म्हणून तर पुढं वजीर जी३ वर शह द्यायला येतो तेव्हा एफ२ चं प्यादं त्याला मारू शकत नाही. ते उंटामुळं जखडलंय. एवढं सगळं जुळलं, तेव्हा एच३ महागात पडलं.

आता दुसरा डाव. १९७२, रेक्याविक, फिशर विरुद्ध स्पास्की, दहावा डाव, रुय लोपेझ. फिशरची नववी खेळी? एच३! तेच प्यादं, तीच नववी खेळी, राजा तिथंच. आणि तो डाव फिशर जिंकला. इथं काळ्याचा उंट ई७ वर आहे, वजीर घरीच आहे, पांढऱ्याचा घोडा एफ३ वर पहारा देतोय. जी४ वर उंट आणून तो घोडा जखडू नये, मग डी४ निवांत करता यावं, एवढ्यासाठी ही खेळी.

मग नियम खोटा का? नाही. पण नियम म्हणजे निकालपत्र नव्हे. निकाल माहीत असलेला लेखक मागं वळून हरलेल्याची एक खेळी उचलतो आणि म्हणतो, ‘इथं चुकलं’. वाचणाऱ्याला वाटतं, आपल्याला कारण कळलं. प्रत्यक्षात त्याला भीती मिळते. पुढं क्लबात तो एच३ करायला बिचकतो, समोरचा उंट जी४ वर येऊन बसतो, आणि हा विचार करतो, ‘मी तर पुस्तकाप्रमाणे खेळलो!’ अशा वेळी माणूस स्वतःच्या डोक्याला दोष देतो, पुस्तकाला नाही.

याच्या उलट टोकाला १९६६ चं ‘बॉबी फिशर टीचेस चेस’. त्यात उपदेश जवळजवळ नाहीच. चित्र, प्रश्न, पान उलटा, उत्तर. फक्त मात कशी होते एवढंच शिकवतं, विशेषतः शेवटच्या रांगेवरची. आवाका लहान, पण दिलेला शब्द पाळतं. आणि मधल्या टप्प्यावर जेरेमी सिल्मन यांचं ‘हाऊ टू रिअसेस युअर चेस’. ते ‘हे करू नका’ म्हणण्याऐवजी विचारतं, दोन्ही बाजूंत फरक काय आहे? उंट कुणाचा चांगला, जागा कुणाला जास्त, प्यादी कुणाची कमकुवत? नियमाकडून प्रश्नाकडं जाणं, मधल्या खेळाडूला हवं असतं ते हेच. मात्र तिथंही उदाहरणं मुद्द्याला साजेशी निवडलेली असतात, हे विसरू नका.

मग चेर्नेव्ह वाचायचे की नाही? जरूर वाचा. फक्त एकदा हरलेल्याच्या खुर्चीत बसून वाचा. जिथं जिथं ते प्याद्याला रागावतात, तिथं थांबून दोन गोष्टी विचारा : ही खेळी कशासाठी केली असेल? आणि ती महागात पडायला आणखी काय काय घडावं लागलं? उत्तर पुस्तकात नसेल तर पटावर शोधा. तसं वाचलंत तर तेहतीस डावांचे सहासष्ट होतील.

आता प्रश्न असतील तर घेऊ.