एकी मोजायची कशावर? आफ्रिकेतल्या चर्चांच्या सहकार्याबद्दल

आफ्रिकेतल्या चर्चांनी एकत्र आल्यामुळे त्यांचं सेवाकार्य बळकट झालं का, हा आजचा प्रश्न. यावर बोलणारे बहुतेक जण संस्थांची यादी वाचतात. १९६३ साली कंपालात अखिल आफ्रिका चर्च परिषद स्थापन झाली, तिचं मुख्यालय नैरोबीत आहे, अधिवेशनं इतकी झाली, ठराव तितके झाले. यादी खरी आहे. पण एकत्र बसणं आणि बळकट होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझी तक्रार इथूनच सुरू होते.

आधी ठरावांचं बघू. १९७१ मध्ये केनियातले प्रेस्बिटेरियन नेते जॉन गाटू यांनी एक धाडसी मागणी केली. परदेशी मिशनरी आणि परदेशी पैसा काही काळ थांबवा, आम्हाला आमच्या पायांवर उभं राहू द्या. १९७४ च्या लुसाका अधिवेशनानं ती उचलून धरली. विचार रास्तच होता. दुसऱ्याच्या पैशावर चालणारी मंडळी शेवटी दुसऱ्याच्याच तंत्रानं चालते. पण गंमत बघा, परिषदेचा स्वतःचा बराचसा खर्च परदेशी मदतीवरच भागत होता. ठराव झाला, पण पैशाची वाट काही बदलली नाही. ठरावाला हात वर करताना कुणाला काहीच सोडावं लागलं नव्हतं.

आता मलावी. तिथं हेस्टिंग्ज बांडा यांची एकपक्षीय राजवट होती आणि ते स्वतः प्रेस्बिटेरियन चर्चचे वडील होते. मार्च १९९२ मध्ये कॅथलिक बिशपांचं उपवासकाळातलं पत्र देशभरातल्या चर्चांमध्ये वाचलं गेलं. त्यात गरिबी, शिक्षण, आरोग्य आणि बोलण्याचं स्वातंत्र्य यांबद्दल स्पष्ट लिहिलं होतं. बिशपांना पोलिसांनी चौकशीला बोलावलं. त्यानंतर प्रेस्बिटेरियन चर्चही पुढं आलं. इथं थोडं थांबा. आपल्याच चर्चचा वडील सत्तेवर असताना, कॅथलिकांच्या बाजूनं उभं राहायचं! ही एकी फुकटची नव्हती. आणि ती पूर्णही नव्हती, कारण त्याच चर्चचं एनखोमा धर्मप्रांत मागं राहिलं. पुढं सार्वजनिक व्यवहार समिती तयार झाली आणि तिच्यात मुस्लिम संघटना आणि वकीलही आले. जून १९९३ च्या सार्वमतात सुमारे ६३ टक्के लोकांनी बहुपक्षीय पद्धत मागितली. पुढच्या वर्षी बाकिली मुलुझी हे मुस्लिम नेते अध्यक्ष झाले. म्हणजे चर्चांनी ही लढाई स्वतःच्या माणसाला गादीवर बसवण्यासाठी लढली नव्हती.

उलट उदाहरण रवांडाचं. तिथं लोक बहुसंख्येनं ख्रिस्ती होते, चर्चांना शाळा होत्या, दवाखाने होते, मान होता. पण सत्तेशी सलगी इतकी की किगालीचे आर्चबिशप कित्येक वर्षं सत्ताधारी पक्षाच्या मध्यवर्ती समितीत होते. १९९४ मध्ये न्तारामा आणि न्यामाताच्या चर्चमध्ये जीव वाचवायला आलेली माणसं तिथंच मारली गेली. संस्था होत्या, संबंध होते, पण वेळेवर एकमेकांना ‘हे चुकतंय’ असं सांगणारं कुणी पुरेसं नव्हतं.

कुणी विचारेल, मग सरकारशी भांडणं म्हणजेच सहकार्य का? मुळीच नाही. झांबियात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दवाखाने १९७० पासून एका आरोग्य संघटनेखाली काम करतात. तिच्यामुळे खेड्यातल्या दवाखान्यात औषध पोचतं. तिथं पंथ विचारून गोळी दिली जात नाही. हेही सेवाकार्यच, आणि माझ्या मते अनेक ठरावांपेक्षा मोठं.

म्हणून कसोटी सोपी आहे. चर्चांनी एकत्र येऊन काय म्हटलं, हे नंतर बघू. आधी विचारू की, एकत्र आल्यावर प्रत्येकानं काय सोडलं? पैसा, मान, की सत्तेजवळची खुर्ची? काहीच सोडलं नसेल, तर ती एकी फोटोपुरती. ही कसोटी केवळ आफ्रिकेलाच लावायची का, हे तुम्हीच ठरवा. आता प्रश्न विचारा.